श्रमशौर्याचीं नगरें : रशियाच्या कांहीं नव्या नाण्यांचें परीक्षण

१.

त्रैमासिकाच्या वाचकांस प्रस्तुत लेखाचा विषय पाहून किंचित् आश्चर्य वाटेल. ज्या पानांवर शिवराईचे प्रकार, सातवाहनांचीं शिशाचीं नाणीं आणि बखरींचे पाठभेद यांची चर्चा व्हावयाची, तेथें कालपरवां पाडलेल्या पोलादी नाण्यांस जागा कां द्यावी, हा प्रश्न रास्त आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, आजचें नाणें हें उद्यांचें साधन होय. आणि साधनाची चिकित्सा तें ताजें असतांनाच केलेली बरी, कारण त्याच्या शेजारीं ठेवून पाहावयाचे दुसरे पुरावे त्या वेळीं हाताशीं असतात. दोन हजार वर्षांपूर्वींच्या नाण्यास आपण जे प्रश्न विचारतों व ज्यांचीं उत्तरें मिळत नाहींत म्हणून हळहळतों, तेच प्रश्न येथें विचारतां येतात आणि त्यांचीं उत्तरेंही मिळतात.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें चार नाणीं आणून दिलीं व तीं संग्रहांत ठेवण्याजोगीं आहेत काय, एवढेंच विचारलें. नाणीं रशियाचीं, प्रत्येक दहा रूबल किंमतीचें, आणि चारहि २०२१ सालचीं. कोशाच्या साहाय्यानें अक्षरें लावलीं तेव्हां प्रत्येकावर एका शहराचें नांव व त्याबरोबर तीन शब्दांची एक पदवी आढळली. तिचा अर्थ ‘श्रमशौर्याचें नगर’ असा होतो. बोरोविची, येकातेरिनबुर्ग, इवानोवो आणि ओम्स्क हीं तीं चार नगरें. संग्रहाच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही तत्काळ ‘होय’ असें दिलें. परंतु तीं ठेवावीं कशीं व त्यांच्याखालीं टीप कोणती लिहावी, याचा विचार करतां करतां हा लेख झाला.

२.

प्रथम मालिकेचा परिचय करून देतों. दुसऱ्या महायुद्धांत ज्या शहरांच्या रहिवाशांनीं कारखान्यांतील कामानें युद्धास मोठा हातभार लावला, त्यांस ही सन्मानाची पदवी द्यावी, असा कायदा रशियांत १ मार्च २०२० रोजीं झाला, आणि २ जुलै २०२० च्या हुकुमानें वीस शहरांस ती पहिल्यानें मिळाली. तीं अशीं : बोरोविची, येकातेरिनबुर्ग, इवानोवो, इझेव्स्क, इर्कुत्स्क, कझान, माग्नितोगोर्स्क, निझ्नी नोव्हगोरोद, निझ्नी तागील, नोव्होकुझ्नेत्स्क, नोव्होसिबिर्स्क, ओम्स्क, पेर्म, समारा, सारातोव्ह, तोम्स्क, उल्यानोव्स्क, उफा, चेल्याबिन्स्क व यारोस्लाव्ल. पुढें यादींत आणखी शहरांची भर पडली. रशियाच्या मध्यवर्ती बँकेनें २०२१ पासून या शहरांचीं नाणीं पाडण्यास आरंभ केला. २०२२ सालीं इझेव्स्क, इर्कुत्स्क, कझान व माग्नितोगोर्स्क यांची पाळी आली.

नाणें पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादाचें असून त्याचा व्यास २२ मिलिमीटर आहे. तें चलनी आहे, पेटींत घालून विकण्यासाठीं केलेलें चांदीचें शोभेचें नाणें नव्हे. ही गोष्ट आम्ही मालिकेच्या बाजूनें जमा धरतों. श्रमाचा गौरव करणारें नाणें श्रम करणाऱ्याच्या खिशांत जावें, त्यानें भाजी घेतांना तें मोजून द्यावें, यांत औचित्य आहे.

या मालिकेस दोन पूर्वज आहेत. विजयास ५५ वर्षें झालीं म्हणून २००० सालीं दोन रूबलांचीं सात नाणीं निघालीं. त्यांवर ‘वीरनगर’ ही पदवी मिळालेलीं शहरें होतीं. नंतर २०११ ते २०१६ या वर्षांत ‘रणकीर्तीचें नगर’ या पदवीच्या शहरांचीं दहा रूबलांचीं नाणीं निघालीं. म्हणजे आधीं वीर, मग रण, आणि शेवटीं श्रम, असा क्रम लागतो. युद्ध संपल्यावर पाऊण शतकानें कामगारांची पाळी आली. पाळी उशिरा आली, तरी आली, हेंहि आम्ही जमेस धरतों.

चित्रांच्या गुणदोषांविषयीं आम्ही येथें कांहीं लिहीत नाहीं. ज्याचा जन्म विभक्ति-प्रत्यय शिकविण्यांत गेला त्याचा अधिकार अक्षरांपुरताच. तेव्हां आम्ही हें नाणें एक लहानसा लेख समजून वाचतों, आणि वर्गांत वाक्याचें पृथक्करण करतांना जे तीन प्रश्न विचारीत असूं तेच येथें विचारतों : काळ कोणता, कर्ता कोण, आणि प्रयोग कोणता?

३.

परीक्षणाआधीं, ज्या कर्माचा हा गौरव आहे तें केवढें होतें हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. नाहीं तर पुढील टीका कृतघ्नपणाची वाटेल.

जर्मनीनें २२ जून १९४१ रोजीं सोव्हिएत रशियावर चाल केली. दोनच दिवसांनीं, २४ जूनला, कारखाने व माणसें मागें हलविण्यासाठीं एक मंडळ नेमण्यांत आलें. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत दीड हजारांहून अधिक मोठे कारखाने उखडून, आगगाडीवर चढवून, व्होल्गाकांठीं, उरल पर्वताच्या प्रदेशांत, सैबेरियांत आणि मध्य आशियांत नेण्यांत आले. खार्कोव्हचा आगगाडीच्या एंजिनांचा कारखाना, ज्यांत टी-३४ जातीचे रणगाडे होत, तो निझ्नी तागील येथील डब्यांच्या कारखान्यांत नेऊन बसविला, आणि डिसेंबर १९४१ मध्यें तेथून रणगाडे बाहेर पडूं लागले. लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्याचा मोठा भाग चेल्याबिन्स्कला गेला. त्या शहरास लोक ‘रणगाडानगर’ म्हणूं लागले. माग्नितोगोर्स्क येथें चिलखती पत्रा लाटण्याचें योग्य यंत्र नव्हतें, तेव्हां पोलादाचे ठोकळे लाटण्याच्या यंत्रावरच तो पत्रा लाटून दाखविण्यांत आला, आणि तोहि जुलै १९४१ मध्यें. इवानोवो हें जुन्या कापडगिरण्यांचें गांव. त्यानें सैन्यास कापड पुरविलें. पुरुष आघाडीवर गेल्यामुळें सोव्हिएत कारखान्यांतील कामगारांत स्त्रियांचें प्रमाण निम्म्याहून अधिक झालें. पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें चरकावर उभीं राहिलीं. हें सर्व खरें आहे, आणि ज्या शहरांत तें घडलें त्यांचीं नांवें धातूवर यावयास पाहिजेतच.

४.

आतां पहिला प्रश्न, काळाचा. २०२१ च्या नाण्यावर ‘येकातेरिनबुर्ग’ असें आहे. परंतु ज्या वर्षांचा हा गौरव त्या वर्षांत या नांवाचें शहर नकाशावर नव्हतें. १९२४ पासून १९९१ पर्यंत त्याचें नांव स्वेर्दलोव्स्क होतें. तेथील कामगाराच्या ओळखपत्रावर, शिधापत्रिकेवर, घरीं धाडलेल्या पत्रावर स्वेर्दलोव्स्क असेंच लिहिलेलें असणार. पदवी मिळालेल्या पहिल्या वीस शहरांपैकीं पांचांची हीच गत आहे. पेर्मचें नांव १९४० ते १९५७ मोलोतोव्ह होतें. समाराचें १९३५ ते १९९१ कुइबिशेव्ह. निझ्नी नोव्हगोरोदचें १९३२ ते १९९० गोर्की. आणि नोव्होकुझ्नेत्स्कचें १९३२ ते १९६१ स्तालिन्स्क. गंमत अशी कीं, येकातेरिनबुर्गचें नांव बदललें तरी ज्या प्रांताचें तें मुख्य ठिकाण आहे त्या प्रांताचें नांव आजहि स्वेर्दलोव्स्क हेंच आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, पदवी आजच्या शहरास दिली, तेव्हां नांवहि आजचेंच यावें. त्यांत चूक काय? हा आक्षेप आम्ही मान्य केला असता, जर त्याच टांकसाळींच्या पूर्वींच्या मालिकेनें उलट वाट दाखविली नसती. २००० सालच्या दोन रूबलांच्या नाण्यांवर ‘लेनिनग्राड’ व ‘स्टालिनग्राड’ असें स्पष्ट आहे. वस्तुतः त्या वर्षीं पहिलें शहर सेंट पीटर्सबर्ग होतें व दुसरें १९६१ पासून व्होल्गोग्राड होतें. म्हणजे रणाचा गौरव करतांना नांव त्या काळाचें घेतलें, आणि श्रमाचा गौरव करतांना आजचें. लढाईचें नांव जगास पाठ असतें. कारखान्याच्या गांवाचें नांव बदललें तर कोणास कळत नाहीं. या दोन मालिका शेजारीं शेजारीं मांडल्या म्हणजे शिपाई व कामगार यांच्या स्मृतींतील अंतर डोळ्यांनीं दिसतें. हें अंतर टांकसाळीनें हेतुपुरःसर दाखविलें असें आम्ही म्हणत नाहीं. न कळत घडलेला पुरावा हाच अधिक विश्वसनीय, हें इतिहाससंशोधकास सांगावयास नको.

नाण्यावरील नांव व वस्तुस्थिति यांत फारकत असणें आपणांस नवें नाहीं. पेशवाईंतील पुष्कळशा रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचें नांव आहे, आणि त्या काळीं बादशहाची सत्ता कोठवर चालत होती हें आपण जाणतों. इंग्रज कंपनीनें तर बंगालच्या रुपयावर शाह आलमचें एकोणिसावें राज्यवर्ष गोठवून ठेविलें. बादशहा १८०६ सालीं वारला तरी तें वर्ष नाण्यावर चालूच राहिलें. तेथें जुनें नांव नव्या काळावर घातलें, येथें नवें नांव जुन्या काळावर घातलें आहे. दोन्हीकडे निष्कर्ष एकच : नाणें हें घडलेल्या गोष्टीचा नव्हे, तर नाणें पाडणाऱ्याच्या इच्छेचा प्रथम पुरावा असतें.

५.

दुसरा प्रश्न कर्त्याचा. ‘श्रमशौर्याचें नगर’ या पदांत शौर्य करणारा कोण? नगर. परंतु नगर कांहीं चरकावर उभें राहत नाहीं. कर्त्याच्या जागीं त्याचें वसतिस्थान ठेविलें आहे. अलंकारशास्त्रांत ही लक्षणा निर्दोष असली तरी इतिहासांत ती तपासून घ्यावी लागते. कारण वर सांगितलेल्या कामापैकीं पुष्कळसें काम त्या त्या नगराच्या मूळ रहिवाशांनीं केलेलेंच नव्हतें. तें खार्कोव्ह, लेनिनग्राड, मारिउपोल इत्यादि शहरांहून यंत्रांबरोबर आलेल्या माणसांनीं त्यांच्या जोडीस उभें राहून केलें.

मारिउपोलचें उदाहरण विशेष आहे. चिलखती पत्रा लाटण्याचें तेथील प्रचंड यंत्र उखडून माग्नितोगोर्स्कला नेलें, आणि १९४१ च्या शरदांत तें तेथें चालूं झालें. त्याच ऑक्टोबरांत मारिउपोल जर्मनांच्या हातीं पडलें. माग्नितोगोर्स्कच्या पोलादाची जी कीर्ति आहे तींत मारिउपोलच्या यंत्राचा व तें खोलून पाठविणाऱ्या हातांचा वांटा उघड आहे. परंतु पदवीचा कायदा रशियाच्या संघराज्यांतील शहरांपुरता आहे. मारिउपोल व खार्कोव्ह हीं युक्रेन देशांतलीं. विमानांचा मोठा कारखाना ज्या ताश्कंदास हलविला तें उझबेकिस्तानांत. सोव्हिएत संघ १९९१ सालीं मोडला, आणि त्याबरोबर एका सामाईक कर्माचे कर्तेहि वांटले गेले. देणारीं शहरें सरहद्दीपलीकडे राहिलीं. घेणाऱ्या शहरांचीं नांवें नाण्यावर आलीं.

येथें नाण्यावरील वर्षाकडे लक्ष द्यावें. माग्नितोगोर्स्कच्या नाण्यावर २०२२ हें वर्ष आहे. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत रशियाचें सैन्य युक्रेनांत शिरलें, मेपर्यंतच्या वेढ्यांत मारिउपोल उद्ध्वस्त झालें, तेथील पोलादाचे दोन्ही मोठे कारखाने भंगले, आणि खार्कोव्हवर तोफांचा मारा झाला. ज्या शहरानें १९४१ सालीं आपलें यंत्र दिलें त्याचा नाश, आणि ज्यानें तें घेतलें त्याचा गौरव, हीं दोन्ही एकाच वर्षाचीं व एकाच राज्याचीं कृत्यें आहेत. नाण्यावर यांतील एक अक्षर नाहीं, आणि असावें अशी अपेक्षाहि कोणी करणार नाहीं. परंतु संग्राहकाच्या टिपेंत तें असावयास पाहिजे. नाण्याच्या तारखेचा उपयोग काय, तर त्या तारखेस दुसरें काय चाललें होतें हें ताडून पाहतां यावें हाच.

६.

तिसरा प्रश्न प्रयोगाचा, आणि तो सर्वांत कठीण. व्याकरणांत प्रयोजक क्रियापद असतें : एकजण करतो, दुसरा करवितो. करविणारा तो प्रयोजक कर्ता, आणि करणारा तो प्रयोज्य. ‘श्रमशौर्य’ या सामासिक शब्दांत करणारा अर्धवट दिसतो, पण करविणारा मुळींच दिसत नाहीं.

करविणाऱ्याचे हुकूम मात्र उपलब्ध आहेत. २६ जून १९४० च्या हुकुमानें कामगारास आपल्या मर्जीनें कारखाना सोडण्याची बंदी झाली. बरोबर एक वर्षानें, २६ जून १९४१ रोजीं, दररोज एक ते तीन तास अधिक काम सक्तीचें झालें व रजा बंद झाल्या. २६ डिसेंबर १९४१ च्या हुकुमानें युद्धोपयोगी कारखान्यांतून परवानगीवांचून निघून जाणें हें सैन्यांतून पळून जाण्यासारखें ठरविलें, आणि त्यास पांच ते आठ वर्षांची कैद सांगितली. १३ फेब्रुवारी १९४२ च्या हुकुमानें शहरांतील धडधाकट स्त्रीपुरुषांस उत्पादनाच्या कामावर लावण्याचा अधिकार घेतला. याखेरीज व्होल्गाकांठच्या जर्मन वंशाच्या रहिवाशांस २८ ऑगस्ट १९४१ च्या हुकुमानें घरदार सोडवून पूर्वेकडे पाठविलें, आणि १९४२ पासून त्यांतील पुरुषांच्या, पुढें स्त्रियांच्याहि, टोळ्या करून पहाऱ्याखालीं कारखान्यांच्या बांधकामावर व खाणींवर राबविलें. चेल्याबिन्स्कच्या पोलाद कारखान्याचें बांधकाम अशाच हातांनीं झालें.

आमच्या विद्यार्थ्याच्या चार नाण्यांपैकीं ओम्स्कचें नाणें याचा मोठा दाखला आहे. ओम्स्क येथें ज्या तू-२ विमानांची बांधणी झाली, त्याचा आराखडा करणारा आंद्रेइ तुपोलेव्ह यास १९३७ सालीं अटक झाली होती. बंदिवासांतच, कैदी असलेल्या तज्ज्ञांच्या कार्यालयांत, त्यानें तो आराखडा तयार केला. जुलै १९४१ मध्यें तो सुटला आणि कार्यालय ओम्स्कला गेलें. त्याबरोबर गेलेले कित्येक सहकारी कैदीच होते. त्यांत सेर्गेइ कोरोल्योव्ह हा एक होता. पुढें तो कझान येथील तशाच कार्यालयांत गेला व १९४४ सालीं सुटला. पहिला उपग्रह व पहिला अंतराळवीर ज्याच्या अग्निबाणांवरून गेले तोच हा कोरोल्योव्ह. ओम्स्क व कझान या दोन्ही शहरांचीं नाणीं निघालीं आहेत. त्यांच्या ‘श्रमशौर्यांत’ या मनुष्याचा श्रम निःसंशय आहे. आणि तो श्रम कैद्याचा होता हेंहि निःसंशय आहे.

हा प्रश्न पाश्चात्य उदारमताचा आहे, आपल्या परंपरेस तो परका आहे, असें कोणी समजूं नये. गिरनारच्या पायथ्याशीं असलेला महाक्षत्रप रुद्रदामन् याचा शिलालेख वाचकांस परिचित आहे. शक ७२, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, वादळानें सुदर्शन तलावाचा बांध फुटला. तो राजानें पुन्हा बांधविला, त्याचें हें स्मारक. त्या लेखांत तीन गोष्टी आवर्जून सांगितल्या आहेत. पहिली, पूर्वीं हें काम कोणीं केलें : चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी वैश्य पुष्यगुप्त, आणि अशोकाच्या वेळचा यवनराज तुषास्फ. राजवंश बदलले होते, मौर्यांचें राज्य नष्ट होऊन तीन शतकें लोटलीं होतीं, तरी पूर्वींच्या कर्त्यांचीं नांवें त्यांच्या मूळ रूपांत राखलीं. दुसरी, आतांचें काम प्रत्यक्ष कोणीं पार पाडलें : कुलैपाचा पुत्र पह्लव सुविशाख, त्याचेंहि नांव घातलें आहे. आणि तिसरी, जी आमच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची : हें काम प्रजेवर कर, विष्टि व प्रणय यांचा भार न टाकतां, स्वतःच्या कोशांतून केलें. विष्टि म्हणजे वेठ.

रुद्रदामन् खरें बोलत होता कीं नव्हता, हें आज ठरविणें अशक्य आहे. राजाच्या लेखावर भोळा विश्वास ठेवूं नये. परंतु सार्वजनिक कर्माचें स्मारक करतांना ‘हें वेठीनें झालें काय?’ हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनांत येईल, आणि त्याचें उत्तर दिलें पाहिजे, एवढी जाणीव त्याच्या लेखकास होती. अठराशें सत्तर वर्षांनंतरच्या नाण्यास ती नाहीं.

मात्र एका टोंकाहून दुसऱ्या टोंकास जाऊं नये. हुकूम होते म्हणून सर्व श्रम वेठीचा होता असें म्हणणें हा दुसरा अन्याय होईल. शत्रु दाराशीं आला असतां, नवरा वा मुलगा आघाडीवर असतां, जी बाई रात्रपाळीस उभी राहिली ती केवळ कैदेच्या भीतीनें राहिली असें कोण म्हणेल? एकाच कारखान्यांत, एकाच दिवशीं, मनापासून राबणारा, भीतीनें राबणारा आणि पहाऱ्याखालीं राबणारा, असे तिघेहि होते. आणि पुष्कळदां एकाच मनुष्यांत पहिले दोघे नांदत असतील. ‘शौर्य’ हा शब्द यांतील एकास पुरतो, तिघांस पुरत नाहीं. आमचा आक्षेप गौरवावर नाहीं, एकाच शब्दांत तिघांस गुंडाळण्यावर आहे.

७.

मग श्रमाचें स्मारक धातूवर करावें तरी कसें? दोन वस्तु या नाण्यांच्या शेजारीं ठेवून पाहाव्या.

पहिली त्याच देशाची. ६ जून १९४५ रोजीं, म्हणजे युरोपांतील युद्ध संपून महिना होतो न होतो तोंच, ‘महान देशरक्षक युद्धांतील शौर्यपूर्ण श्रमाबद्दल’ एक पदक स्थापन झालें. तांब्याचें, ३२ मिलिमीटर व्यासाचें; पुढील बाजूस स्टालिनचा मुखवटा. एक कोटी साठ लाखांच्या आसपास माणसांस तें मिळालें. पदकावर क्रमांक नाहीं, नांव नाहीं, एक दुसऱ्यासारखें. परंतु प्रत्येक पदकाबरोबर एक लहानसें प्रमाणपत्र असे, आणि त्यावर मिळविणाराचें स्वतःचें, बापाचें व घराण्याचें नांव शाईनें लिहिलेलें असून देणाऱ्या अधिकाऱ्याची सही असे. येथें कर्ता लुप्त नाहीं. येथें करविणाराहि लुप्त नाहीं. त्याचा मुखवटा पुढेंच आहे! मोठेपणा मिरविण्यासाठीं घातलेला तो मुखवटा आज आपल्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर होऊन बसला आहे.

दुसरी वस्तु कॅनडाची. १९४३ ते १९४५ या वर्षांत तेथें पांच सेंटांचें बारा कोनांचें नाणें निघालें. त्यावर विजयाचें इंग्रजी आद्याक्षर व मशाल असून, कांठाभोंवतीं तारायंत्राच्या सांकेतिक लिपींत, ठिपके व रेघांनीं, एक वाक्य कोरलें आहे. त्याचा आशय असा कीं, आपण मनापासून राबूं तेव्हां जिंकूं. ओटावाच्या टांकसाळींतील थॉमस शिंगल्स यानें तें घडविलें. १९४३ चें नाणें तांबें व जस्त यांच्या मिश्रधातूचें, आणि पुढील दोन वर्षांचें क्रोमियमचा मुलामा दिलेल्या पोलादाचें. कारण निकेल युद्धास लागत होतें. हें नाणें स्मारक म्हणून पाडलेंच नव्हतें. तें श्रम चालूं असतांना श्रम करणाऱ्यांच्याच हातांत होतें, आणि त्याची धातूसुद्धां युद्धाची साक्ष देते. त्यांतहि उपदेश आहे, राज्याची इच्छा आहे. पण ‘मनापासून’ हा शब्द घालून त्यानें आमचा तिसरा प्रश्न निदान ओळखला आहे.

आणि दूर कशास जावें? आपल्या जुन्या डब्यांत भोकाचा पैसा असेल. १९४३ पासून मुंबईच्या टांकसाळींत तो निघूं लागला. पूर्वींच्या पैशाच्या निम्म्याहून कमी वजनाचा. त्यावर कोणाचा गौरव नाहीं, युद्धाचें नांव नाहीं. पण मधल्या भोकांतून युद्धकाळची धातूची टंचाई जितकी स्पष्ट दिसते तितकी कोणत्याहि प्रशस्तींतून दिसत नाहीं. १९४० सालीं रुपयांतील चांदी निम्म्यावर आणली गेली, हीहि त्याच जातीची साक्ष. समकालीन नाणें न बोलतां सांगतें, स्मारकनाणें बोलून झांकतें, हा भेद संग्राहकानें सदैव ध्यानांत धरावा.

८.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. हीं नाणीं ठेवावीं काय? अवश्य ठेवावीं, पण तीं १९४१–४५ च्या कप्प्यांत ठेवूं नयेत. तीं २०२१ व २०२२ च्या कप्प्यांत ठेवावीं, कारण त्याच वर्षांचा तीं पुरावा आहेत. सूचींत शहराचीं दोन्ही नांवें द्यावीं : नाण्यावरील आणि युद्धकाळांतील, येकातेरिनबुर्गपुढें स्वेर्दलोव्स्क लिहिल्यावांचून नोंद पुरी झाली असें मानूं नये. ज्या शहराच्या कीर्तींत दुसऱ्या शहराच्या यंत्रांचा वांटा आहे, तेथें त्या शहराचेंहि नांव टिपेंत घालावें.

शेवटीं एक विनंती. १९४५ चें पदक बाजारांत फार नाहीं तरी सहज मिळतें, आणि त्याचें कागदी प्रमाणपत्र वेगळें करून टाकून देण्याची वाईट चाल व्यापाऱ्यांत आहे. धातूस गिऱ्हाईक असतें, कागदास नसतें. हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस त्या कागदाची किंमत सांगावयास नको. पोथीची पुष्पिका फाडून टाकली म्हणजे लेखकाचें नांव, गांव व शक तिन्ही जातात आणि ग्रंथ अनाथ होतो. तसेंच हें आहे. स्वेर्दलोव्स्कच्या एखाद्या स्त्रीचें नांव जर कोठें उरलें असेल तर तें त्या कागदावर उरलें आहे, दहा रूबलांच्या नाण्यावर नाहीं. कोणाच्या हातीं असें जोडीनें राहिलेलें पदक व प्रमाणपत्र आलें तर त्यानें तें फोडूं नये. आम्ही त्या विद्यार्थ्यास चारहि नाणीं परत दिलीं आहेत, आणि ओम्स्कच्या नाण्याच्या पाकिटावर त्याच्याच हातून कोरोल्योव्हचें नांव लिहवून घेतलें आहे.